डंकाच्या तळाची जायपत्री

परवा डंकावर मसाला कुटायला गेले आणि कुणाच्या तरी जायपत्रीचा वास नाकात शिरला. लगेच दिघीतली आमची जुनी शेजारीण आठवली. ती कोकणातली; तिच्या वडिलांच्या वाडीत जायफळ, जायपत्री, मिरी, दालचिनी सगळं घरचं, आणि तेच तिच्या मसाल्यात पडायचं. तिने वाटीभर आमटी दिली की नवरा माझी भाजी बाजूला सारून ती आधी ओरपायचा. चाकणहून शिफ्ट करून दमून आलेल्या माणसाचा चेहरा त्या आमटीने फुलायचा आणि माझं डोकं फिरायचं. तिच्याकडे जायपत्री मागणं तर जिवावर यायचं. मग उन्हाळ्यात ती मसाला कुटायला निघालेली दिसली तशी मीही भाजलेल्या मिरच्या, धणे, खोबरं घेऊन मागोमाग गेले आणि तिच्या पाठीच नंबर लावला. एकीचा मसाला झाला की दुसरीचा टाकण्याआधी डंक झाडून घ्यायची रीत. पण ती डबा घेऊन वळल्यावर मी डंकवाल्याला हळूच म्हटलं, "भाऊ, झाडू नका, राहू द्या तसंच." तिचा पसाभर मसाला तळाला चिकटलेला होता. त्यावरच माझा पडला. संध्याकाळी त्याची आमटी केली. नवऱ्याने दुसरी भाकरी मागून घेतली. मी तव्यापाशी कान देऊन बसले होते. बोटं चाटत तो म्हणाला, "आज खरी जमली बघ. अगदी वहिनींच्या हातची वाटते." मसाला वर्षाचा होता, त्यामुळे हे मला वर्षभर ऐकावं लागलं. परवा माझा नंबर आला तेव्हा मी डंक आधी झाडायला लावला, मग पुसायलाही लावला.