न उगवलेले अकरा दाणे

कल्पना करा, तुमच्यापुढे बर्फात बसवलेला चिनी मातीचा खल आहे. त्यात मोड आलेले घेवड्याचे दहा दाणे. ते गंधासारखे बारीक वाटायचे, पण खलाला हाताची ऊब लागू द्यायची नाही. नाहीतर दाण्यातला एन्झाइम नासायला लागतो. साठवणीतला स्टार्च फोडून कोंबाला भरवणारा हा एन्झाइम. आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस मावशी त्याला 'आचारी' म्हणतात.

एकोणतीस वर्षं दाणे भिजवणं, मोड मोजणं, वाटणं मावशींकडे. यंदा प्रबंध माझा, म्हणून आकडे लिहिणं माझ्याकडे. माझ्या तक्त्यात मात्र दर खेपेला शंभरातले शंभर दाणे उगवत होते.

"मावशी, एकही दाणा दगा देत नाही?"

"देतो की! तो उचलायचा आणि जास्तीच्या बरणीतला मोडाचा ठेवायचा."

मी कपाळावर हात मारला. सोमवारी प्रबंध द्यायचा होता.

"अगं, दाणे कमी उगवले की पोरी रडकुंडीला येतात. म्हटलं, झाकली मूठ."

"बाईंना सांगावं लागेल, मावशी."

महिनाअखेरीला मावशींची निवृत्ती होती. हातातला खल पुसून त्यांनी जागेवर ठेवला. "तू नको. मीच सांगते."

विभागप्रमुख बाई याच प्रयोगशाळेत शिकलेल्या. त्यांनी सगळं ऐकून चष्मा काढला. "म्हणजे माझे शंभरसुद्धा?"

"सत्त्याऐंशी होते. तू फार रडायचीस."

बाईंना हसावं की रागवावं कळेना. शेवटी म्हणाल्या, "पहिल्यापासून करा. मुदत मी वाढवून घेते. आणि मावशी, या वेळी मोजणी होईपर्यंत दाण्यांना हात लावायचा नाही."

चौथ्या दिवशी एकोणनव्वद उगवले. उरलेले अकरा मी टाकायला निघाले, तर मावशींनी ताटली धरून ठेवली. "यांनाही वाटू या. इतकी वर्षं न बघताच फेकले."

त्यांनी वाटले. अर्क गाळून मी दोन नळ्यांत घेतला, एकीतला अर्क उकळून त्यातला आचारी मारला, दोन्हींत स्टार्च घातला. अर्ध्या तासानं आयोडीनचे थेंब टाकले; स्टार्च उरला असेल तिथे ते निळं होतं. उकळलेली नळी गडद निळी झाली. दुसरीत निळा रंग फिकाच राहिला. आम्ही तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच.

"म्हणजे आचारी कामाला लागला होता," मी म्हटलं.

मावशी नळी उजेडाकडे धरून बघत राहिल्या.

"चूल पेटली होती, वाढायलाही घेतलं होतं. मग जेवायला कोंब का उठला नाही गं?"