माशीवरचं कुंकू

त्याचं नाव मी विचारलंच नाही. दसऱ्याच्या दुपारी नंदुरबारच्या मैदानावर पोलिसांची नेमबाजी होती, आणि शहाद्याकडून आलेला तो फौजदार रांगेत माझ्या पुढे उभा होता. यंदाही नेम चुकला तर गोरा साहेब त्याची बदली करणार, असं सगळेच म्हणत होते. माझेच तळवे ओले झाले होते, मग त्याचं काय होत असेल!

रिव्हॉल्व्हरची लाकडी मूठ त्यानं काचेच्या तुकड्यानं खरवडून आपल्या पंजाजोगी केली होती. नळीच्या टोकावरची माशी, जिच्यावरून नेम धरायचा, ती उन्हात चमकू नये म्हणून चिमणीच्या काजळीनं काळी केली होती. एवढी मेहनत, आणि सकाळच्या शस्त्रपूजेत नेमकं त्या माशीवरच कुंकवाचं जाड बोट उमटलं होतं. तो नख तिथवर नेई आणि हात मागे घेई. पुन्हा नेई, पुन्हा मागे घेई.

“अहो, पुसून टाका ना,” मी चिडून म्हटलं.

“मन्ही बायकोनी लायेल शे, भाऊ,” तो हळूच म्हणाला. “तिन्हं कुंकू मी मन्हा हातनं कसं पुसू?”

तेवढ्यात त्याचा पुकारा झाला. त्यानं घामेजल्या बोटानं माशीवरचं कुंकू काजळीसकट उचललं आणि स्वतःच्या कपाळावर लावलं. मग हात लांब करून उभा राहिला. मला हायसं वाटलं, पण क्षणभरच. ऊन रणरणत होतं. कुंकू घामात विरघळलं आणि भुवईवरून ओघळत त्याच्या नेमाच्या डोळ्याकडे निघालं.

तो डोळा मात्र मिटत नव्हता.