मुश्ताक मुकादमची लेटर टेस्ट

मुश्ताक मुकादम हा आडनावाने मुकादम होता आणि पोटापाण्यानेही मुकादमच. त्यामुळे त्याला हाक मारणाऱ्याने मान दिला की नुसतं नाव घेतलं, हे कुणालाच नक्की सांगता येत नसे. मुश्ताक मात्र दर वेळी मान दिला असंच धरून चाले.

२००९ साली तो दुबईहून पनवेलला कायमचा परत आला. तिकडे मंदी आली होती, उंच इमारती अर्ध्यावर टाकून बिल्डर गायब झाले होते आणि विमानंच्या विमानं भरून माणसं घरी येत होती. मोहल्ल्यात कुणी विचारलं तर मुश्ताक सांगे, "तिकडचं काम संपलं. सगळं बांधून झालं." इतक्या शांतपणे सांगे, की ऐकणाऱ्याला वाटावं, दुबई यानेच पुरी करून किल्ली शेखाच्या हातात दिली.

तिकडे तो पाईलच्या कामावर होता. पाईल म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून, त्यात सळयांचा पिंजरा सोडून, काँक्रीट ओतून केलेला खांब. वर इमारत उभी राहते ती याच्या डोक्यावर. पण हे पनवेलमध्ये समजावणार कोण? त्याची आई हव्वाबी लेकाच्या कौतुकात सगळ्यांना सांगत सुटली, की आमचा मुश्ताक दुबईत मोठमोठ्या शेखांच्या पाईल्सचं काम करायचा. त्यानंतर मोहल्ल्यातले दोन वजनदार गृहस्थ त्याला एकेकटे आडबाजूला गाठून, नजर खाली घालून, मूळव्याधीवर औषध विचारून गेले. मुश्ताकने त्यांना काय सांगितलं ते बाहेर आलं नाही. पण 'मला त्यातलं काही कळत नाही' असं नक्कीच सांगितलं नसणार. ते वाक्य त्याच्या तोंडून निघालेलं कुणी ऐकलेलं नव्हतं, त्याच्या बायकोने, फरहानेसुद्धा नाही.

लवकरच त्याला उरणजवळ द्रोणागिरीला काम मिळालं. बंदराच्या मालासाठी तिथे गोदामांमागून गोदामं उठत होती. त्यातल्या एका उंच गोदामाच्या पाईल मुश्ताकच्या देखरेखीखाली ओतायच्या होत्या. साईटवरचा इंजिनियर उदयसिंह, सांगलीकडचा, वयाने लहान, पण जिभेवर साखर. पहिल्याच दिवशी त्याने मुश्ताकला 'मुकादमसाहेब' म्हटलं. दुबईत इतकी वर्षं काढून मुश्ताकला 'साहेब' कुणी म्हटलं नव्हतं. तिथे तो फक्त 'ए इंडिया' होता. त्या दिवशी घरी येऊन त्याने फरहाला दोनदा सांगितलं, की इंजिनियर फार समजदार माणूस आहे.

आता जमिनीचं थोडं सांगितलं पाहिजे, कारण पुढचा सगळा घोटाळा जमिनीने केला. म्हणजे चौकशीत तसं म्हणायची सोय असती तर सगळ्यांनी जमिनीवरच ढकललं असतं. आमच्याकडे जमीन एका जातीची नाही. कोन गावाकडे जा, वीतभर खणलं की मुरूम आणि त्याखाली काळा खडक. तिथे पाईल एकदा बसली की हत्तीने धडक दिली तरी हलायची नाही. द्रोणागिरीला उलटं. तिथे वर मुरमाची पातळ भर आणि खाली खाडीचा काळा गाळ, लोण्यासारखा मऊ. खडक आहे, पण फार खोल. पाईल त्या खडकापर्यंत नेली की वरून कितीही ओझं ठेवा, ती सोसते. बाजूने ढकललं तर मात्र खालचा खडक काय कामाचा? आडव्या जोराला तोंड द्यावं लागतं ते वरच्या मातीला, आणि वर तर गाळ. तळाशी मोठी ओळख असून भागत नाही, शेजारीपाजारी घट्ट लागतात. माणसांचंही तसंच आहे, पण ते जाऊ दे. दुबईच्या वाळूचं आणखी तिसरंच. ती दाबून बसलेली, जितकं खाली जावं तितकी पकड वाढते. मुश्ताकचा सगळा विश्वास त्या वाळूवर घडलेला होता आणि तोच विश्वास घेऊन तो गाळात उतरला.

सल्लागारांच्या नकाशावर दोन चाचण्या लिहिल्या होत्या. एक उभ्या ओझ्याची. दुसरीसमोर लिहिलं होतं, 'लॅटरल लोड टेस्ट'. म्हणजे पाईलचं डोकं जॅक लावून आडवं ढकलायचं आणि ते किती सरकतं ते काट्यावर वाचायचं. ही चाचणी पास झाल्याशिवाय पुढचं काम करायचं नाही, अशी स्पष्ट अट होती.

मुश्ताकने नकाशावर बोट ठेवलं, अक्षरं जुळवली आणि ठासून सांगितलं, "साहेब, ही उभी टेस्ट आधी उरकू. ही दुसरी लेटर टेस्ट हाय, ती लेटर करू. नावातच हाय, लेटर. नंतर करायची."

उदयसिंहने त्याच्याकडे पाहिलं. लॅटरल म्हणजे आडवं हे त्याला माहीत होतं, त्यावर परीक्षेत त्याने पानंच्या पानं लिहिली होती. पण आडवा जॅक मुंबईहून मागवायचा होता, त्यात दिवस जाणार होते आणि वरून घाईचे फोन येत होते. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं.

"बरोबर आहे, मुकादमसाहेब," तो म्हणाला. "तुम्ही दुबईचा अनुभव घेतलेले. लेटर म्हणताय तर लेटरच करू."

तेव्हापासून साईटवर तिचं नाव लेटर टेस्ट पडलं. चहावाल्यापासून डंपरच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे तसंच म्हणू लागले. एकाचं अडाणीपण आणि दुसऱ्याची सोय एका ताटात जेवायला बसली की तिसऱ्याला उठवता येत नाही. कंपनीच्या मीटिंगमध्ये उदयसिंह गंभीर चेहऱ्याने सांगे, "लॅटरल टेस्ट मुकादमांच्या सल्ल्याने पुढे ठेवली आहे," आणि समोरचे माना डोलवत.

मग समारंभ आला. पाईलचं काम पुरं झालं म्हणून कुणी बडे पाहुणे नारळ फोडायला येणार होते. पाहुण्यांच्या गाड्या चिखलात रुतू नयेत आणि मांडव उंचावर दिसावा, म्हणून पाईलच्या शेवटच्या रांगेला अगदी लागून मुरमाचा ढीग टाकून माणूसभर उंच ओटा करायचं ठरलं. डंपर येत राहिले, रोलर फिरत राहिला. गाळावर एका बाजूने एवढं ओझं आलं की तो बिचारा काय करणार? तो दुसऱ्या बाजूला सरकू लागला, आणि सरकताना मधे उभ्या असलेल्या पाईलनाही बरोबर ढकलू लागला.

हे आधी दिसलं शुक्राला. शुक्रा हा आदिवासी वाडीवरचा मजूर, पाईलच्या डोक्याभोवतीची माती काढायच्या कामावर होता. तिथे रांगेच्या टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणलेली असे. पाईलमधून वर आलेल्या सळया आधी त्या दोरीला चिकटून होत्या. आता मधे हात जाईल एवढी फट पडली होती.

"मुकादम, खांब हललाय," शुक्रा म्हणाला.

"खांब कधी हलतो काय रे? खडकात रोवलाय तो."

"मंग ही फट कशी पडली?"

"दोरी ढिली झालीय. दोरी बदल."

दोरी बदलली. फट तशीच. मुश्ताकने स्वतः पनवेलच्या बाजारातून नायलॉनची नवी दोरी आणली. तिनेही तेच दाखवलं, आणि तेही जरा जास्तच. मग मोजणीचं यंत्र लावलं, त्याने जो आकडा दिला तो पाहून उदयसिंहने यंत्र दुरुस्तीला पाठवलं. पाईल सोडून साईटवरची प्रत्येक वस्तू हलते, असं एव्हाना सगळ्यांचं मत झालं होतं.

समारंभ झकास झाला. पाहुण्यांनी नारळ फोडला आणि भाषणात 'भक्कम पाया' असा शब्द तीन ठिकाणी वापरला. मुश्ताकला शाल आणि गुलाबाचं फूल मिळालं. पुढे मांडव उतरला आणि ओट्यामागे सबंध रांग खाडीकडे झुकलेली उघडी पडली. काही पाईल खाली मोडल्याही होत्या.

मालकाने सल्लागारांकडून चौकशी बसवली. चौकशीला आल्या सुनीता मॅडम, पन्नाशीच्या, बोलायला मऊ. शेवटची रांग रद्द करून नव्या पाईल ओताव्या लागणार हे त्यांनी पाहताक्षणीच सांगितलं. प्रश्न एवढाच उरला होता, की ती लॅटरल टेस्ट कुणी मागे ठेवली. ज्याने ठेवली त्याचं काम जाणार, आणि नुसतं काम जाणार नव्हतं. पाईलच्या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. एकाने नाव टाकलं की बाकीचे दार उघडत नाहीत.

आदल्या दिवशी उदयसिंहने मुश्ताकला टपरीवर नेऊन स्वतः चहा पाजला. "मुकादमसाहेब, घाबरू नका," तो म्हणाला. "तुम्हाला लॅटरल टेस्ट माहीत नव्हती, असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? एवढा दुबईचा माणूस!"

मुश्ताकची छाती फुगली. घरी येऊन त्याने हे फरहाला सांगितलं. फरहा मोहल्ल्यातल्या पोरींना शिवण शिकवायची. समोरचा कापड कुठे कमी टाकतोय हे तिला चटकन समजे.

"तो तुम्हाला अडकवतोय," ती म्हणाली. "ते लेटर-लेटर काय आहे त्याचा अर्थ तुम्ही कुणाला विचारलात?"

"विचारायचं काय त्यात? लेटर म्हणजे नंतर."

"नंतर करायच्या टेस्टवरून एवढा हंगामा होतो? काही तरी दुसरं आहे ते. त्या बाई आल्या ना उद्या, की सरळ सांगा, मला या शब्दाचा मतलब माहीत नव्हता. ज्याला माहीतच नव्हतं त्याच्यावर इल्जाम कसा येणार? तो इंजिनियर शिकलेला आहे, त्याला विचारतील मग."

"आणि मोहल्ल्यात काय सांगू? मुश्ताक मुकादमला पाईलच्या टेस्टचं नाव माहीत नव्हतं?"

"मोहल्ला तुम्हाला जेवायला घालतो?" फरहाने विचारलं.

दुसऱ्या दिवशी साईटच्या पत्र्याच्या ऑफिसात सगळे बसले. मॅडमनी आधी उदयसिंहला विचारलं. पदवीधर इंजिनियर उदयसिंहने मान खाली घातली आणि जगातलं सगळं अज्ञान चेहऱ्यावर आणलं. "मॅडम, मी अजून नवा आहे. या टेस्टचा मला काहीच अनुभव नव्हता. मला खरंच माहीत नव्हतं. मी मुकादमांच्या अनुभवावर विसंबलो." परीक्षेत पानंच्या पानं लिहिणारा तो पोरगा हे इतक्या सहज म्हणाला, की मॅडमना त्याची दया आली.

मग त्या मुश्ताककडे वळल्या. "मुकादम, लॅटरल टेस्ट काय असते, हे तुम्हाला माहीत होतं का?"

त्यांनी ज्या तऱ्हेने तो शब्द उच्चारला, त्यावरून मुश्ताकला पहिल्यांदाच शंका आली की याचा अर्थ 'नंतर' नसणार. फरहाने पढवलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं. समोर उदयसिंह बसला होता, दारात ड्रायव्हर उभे होते, त्यांच्यामागे शुक्रा होता. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"माहीत होतं," मुश्ताक म्हणाला.

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग पेन बाजूला ठेवून, रागावून नव्हे, खरोखरच न उमगून त्यांनी विचारलं, "अहो, मग पाईलचं डोकं आडवं ढकलून बघायची एवढी साधी टेस्ट तुम्ही मागे का ठेवलीत?"

निकाल लागायला वेळ लागला नाही. उदयसिंहला 'आणखी मार्गदर्शनाची गरज आहे' असा शेरा मिळाला आणि कंपनीने त्याला कोनच्या साईटवर पाठवलं. तिथल्या मुरमात त्याची लॅटरल टेस्ट पहिल्या झटक्यात पास झाली. पाईल हलायला तयारच नव्हती. त्याबद्दल त्याला बढती मिळाली. मुश्ताकला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. जाणूनबुजून टेस्ट टाळणारा मुकादम, असं त्याचं नाव बेलापूरपासून उरणपर्यंत फिरलं. एखाद्या अडाण्याला शिकवून घेता येतं, पण ज्याला सगळं कळतं आणि तरीही जो करत नाही, त्याला कोण ठेवणार?

चौकशीच्या त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा फरहा मशिनवर बसली होती. त्याचा चेहरा पाहून तिने पायडल थांबवलं. काय उत्तर दिलं हे तिने विचारलं नाही, तिला कळलं होतं.

"फरहा," तो खाली बसत म्हणाला, "ती धक्का टेस्ट होती गं. तिकडे आम्ही सगळे तिला धक्का टेस्ट म्हणायचो. आडवा जॅक मी स्वतः बसवायचो. किती वेळा बसवलाय."

फरहाला एवढा राग आला होता, पण त्याच्याकडे बघून तिचे डोळे भरून आले. "मग तिथल्या तिथे सांगायचं ना त्या बाईंना!" ती म्हणाली. "काम येतं, फक्त इंग्लिश नाव माहीत नव्हतं म्हणून. काय बिघडलं असतं?"

"बाईंनी आडवं ढकलायचं म्हटलं तेव्हाच कळलं मला. सांगणारच होतो. कसम से, तोंड उघडलं होतं." मुश्ताक फरशीकडे बघत राहिला. "तेवढ्यात उदयसिंह सगळ्यांसमोर म्हणाला, 'मुकादमसाहेबांना माहीत नाही असं काही नाहीच, मॅडम.' आणि मला, फरहा... मला बरं वाटलं गं ते ऐकून."