पडवीतली चकती

आमच्या पडवीत, दाराच्या वर, विजेचा जुना मीटर होता. काचेआड एक चकती आडवी फिरायची आणि तिच्यावरची लाल खूण समोर येऊन परत मागे जायची. माडावरून पडून बाबांची कंबर मोडली, आणि त्यांची खाट बरोबर या मीटरसमोर पडवीत आली. तेव्हापासून घरात कुणाचं काही लपलं नाही. चकती जरा जोरात फिरली की बाबा खाटेवरून ओरडायचे, "इस्त्री कोण विसरलंय?" आणि कुणीतरी खरंच विसरलेलं असायचं. लोकांच्या भिंतींना कान असतात, आमच्या भिंतीला डोळा आहे, असं आई म्हणायची.

आईचा दिवस आगरात सुरू व्हायचा. आमचं नारळ-पोफळीचं आगर घराच्या बरंच खाली, उतारावर. विहीर तिथेच आणि पंपही तिथेच. जांभ्या दगडाच्या पायऱ्या शेवाळलेल्या. पंपाचा आवाज वर येत नसे, पण आईने बटण दाबलं की इकडे चकती भरभर फिरू लागे. बाबा तोवर चहाला हात लावत नसत. चकती पळाली की म्हणत, "पोचली." मुंबईची एसटी लागल्यावर माणसं सुटकेने म्हणतात ना, तसं. मग चहा. इतकं प्रेम त्यांनी आईला तोंडावर कधी दाखवलं असेल असं मला वाटत नाही. तोंडावर त्यांचं भांडणच चालायचं.

आई तापाने गेली. ते साल अठ्ठ्याण्णव. पोफळी काही सुतक पाळत नाहीत, त्यांना पाणी लागतंच. शाळेत शिकवायला जाण्याआधी पंप लावायचं काम माझ्याकडे आलं. बाबांना सकाळचा चहा देणारी माझी वहिनी एकदा म्हणाली, "ताई, तुम्ही खाली गेलात की बाबा अजून म्हणतात, 'पोचली.' मगच चहा घेतात." मला फार बरं वाटलं. आईची काळजी आता माझ्या वाट्याला आली, असं मी धरून चालले. तोऱ्यातच पायऱ्या उतरायचे म्हणा ना.

पुढे काही वर्षांनी नवे मीटर आले. चकती नाही, नुसते आकडे. वायरमन आणि त्याचा जोडीदार शिडी घेऊन पडवीत आले तेव्हा बाबांनी विचारलं, "नको म्हणायची सोय आहे काय?"

"सगळ्यांचेच बदलतायत, काका."

"सगळ्यांचं राहू दे. मी माझं विचारतोय. जुना बिघडलाय काय?"

"बिघडलेला नाही. पण वरून हुकूम आहे."

वायरमन बिचारा भला होता. त्याच्यावर रागावून उपयोग नव्हता, तरी मी रागावले. दारावरची भाजीवालीसुद्धा पडवळ नको म्हटलं तर टोपली उचलून पुढे जाते. इथे आमच्याच भिंतीवरचं काय ठेवायचं ते आम्हाला कुणी विचारत नव्हतं. बाबांनी मग, निदान जुना तसाच भिंतीवर राहू द्या, म्हणून पाहिलं. तोही जमा करावा लागतो म्हणाले. नवा मीटर त्यांनी बाहेरच्या भिंतीवर बसवला, म्हणजे घर बंद असलं तरी रीडिंग घेता येईल. पडवीत दाराच्या वर एक पांढरा चौकोन उरला. मी बाबांना म्हटलं, "आता तुमची पोलीसगिरी संपली." ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी खाली गेले, पंप लावला, जास्वंदीची चार फुलं काढून वर आले. बाबांचा चहा खाटेशेजारी तसाच होता, वर साय धरलेली. ते त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत होते.

"पंप तूच लावलास ना गो?"

"मीच. आणखी कोण लावणार?"

मी सहज बोलून गेले. त्यांनी मान हलवली आणि गार चहा तसाच प्यायला घेतला.

फुलं हातात धरून मी उभी राहिले. आई गेल्यापासून पंप रोज मीच लावत होते, आणि हा प्रश्न त्यांनी मला एकदाही विचारला नव्हता. चकती पळायची तेव्हा त्यांच्या लेखी खाली आईच पोचत होती.