गावाची फळी

मास्तरांनी दुसऱ्याचं लिहिलेलं कधी पुसलं नाही, अगदी स्वतःच्या विरुद्ध लिहिलेलंसुद्धा. "मास्तर पॅन्ट आखूड शिवते अन् उरलेलं कापड ठेवून घेते," असं कोणीतरी त्यांच्याच दुकानाच्या फळीवर लिहून गेलं, तर ते कित्येक दिवस तसंच राहिलं. गिऱ्हाइकं ते वाचायची, हसायची आणि मग आत जाऊन माप द्यायची. हे मास्तर शाळेतले नव्हेत, हिंगणघाटच्या आमच्या गल्लीतले टेलर मास्तर. त्यांच्या दुकानासमोरच माझे टायपिंगचे वर्ग होते. पुढे मी तिथे कॉम्प्युटर आणले आणि त्याचं नेट कॅफे झालं, पण मास्तरांच्या लेखी मी शेवटपर्यंत टायपिंगवाली मॅडमच राहिले.

त्यांचं दुकान जुन्या तऱ्हेचं, लाकडी फळ्यांचं. सकाळी फळ्या काढून भिंतीला टेकवून ठेवायच्या. त्यातल्या दोन फळ्यांना मास्तरांनी काळा रंग दिला होता. एक त्यांची, एक गावाची. आपल्या फळीवर ते कापडावर खुणा करायच्या खडूनं रोज एखादी बातमी किंवा प्रश्न लिहायचे. गावाच्या फळीला दोऱ्यानं खडू बांधलेला असायचा, आणि ज्याला जे उत्तर द्यायचं ते त्यानं तिथे लिहावं. "ज्यानं लेहलं त्यानंच पुसावं," हा मास्तरांचा एकच कायदा.

नव्वदच्या दशकात एकदा कोणी मंत्री यायचे होते, म्हणून पोलीस शिपाई फळी पुसायला आला. मास्तर म्हणाले, "माही फळी मी पुसतो साहेब. गावाची तुम्ही गावाले विचारून पुसा." शिपायानं हातानंच खसाखसा पुसली आणि हात पॅन्टला पुसला. मास्तरांनी कपड्याचा ब्रश काढला, त्याची पॅन्ट नीट झाडून दिली आणि म्हणाले, "आता कशी, बातमी पुरी साफ झाली!" शिपाईसुद्धा हसला. त्या काळी अशा गोष्टींत निदान हसायला जागा होती.

माझ्या कॅफेत पोलीस आले तेव्हा मात्र हसू आलं नाही. दोन मशीनच्या मधले पडदे काढा, कोण काय लिहितो त्यावर नजर ठेवा, सरकारविरुद्ध काही दिसलं तर कळवा, असं मला बजावण्यात आलं. बजावणारा जमादार नंतर स्वतः दुपारी येऊन कोपऱ्यातल्या मशीनवर फुकट बसायचा. तो काय बघायचा हे सांगायची मला आजही किळस येते. त्याच्या पाठीमागे पडदा राहिला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, "बाप्पा, त्याचंच खरं. ज्याले सगळ्याइचं पाह्यचं रायते, त्यालेच पडदा लागते."

नळाच्या पाण्याची भानगड सुरू झाली ती याच सुमारास. आमच्या वॉर्डातली नवी पाइपलाइन नगरसेवकाच्या साळ्यानं टाकली होती, आणि टाकली कुठून, तर सरळ नालीच्या पोटातून. पाण्याला वास यायला लागला. मास्तरांनी आपल्या फळीवर लिहिलं, "तुमच्या घरी पाणी कसं येऊन राह्यलं?" दोन दिवसांत गावाची फळी भरली. कोणाच्या पोराला कावीळ, कोणाच्या नळातून अळ्या. दुकानाशेजारच्या घरातल्या आजीनं वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, "माह्या सुनेले कावीळ झाली. दोन जिवाची हाय. सेवाग्रामले भरती केली." ते वाचून मास्तरांनी शिलाई बंद ठेवली आणि माझ्याकडे आले. "मॅडम, फळी आता लहान पडते. तुह्या त्या इंटरनेटवर मोठी फळी भेटते का?"

भेटत होती, आणि तीही फुकट. मी त्यांना एक पान काढून दिलं. वर मास्तरांचा तोच प्रश्न, खाली लोकांची उत्तरं. मास्तर बोलायचे, मी टाइप करायची. पुण्यात नोकरीला गेलेली आमची पोरं तिकडून लिहायला लागली, नागपूरच्या एका वार्ताहरानं वाचलं, आणि शेवटी जिल्ह्याहून पाण्याचा इंजिनियर तपासायला येणार असं ठरलं. लोकांनी त्याच्यासमोर बोलायचं, म्हणजे पाइप नालीतून निघेल. एवढीच गोष्ट होती, आणि ती होत आली होती.

नेमकं तेव्हाच एका सकाळी मास्तरांचं पान उघडेना. झालं होतं असं, की दिल्लीहून कुठलीशी मूठभर पानं बंद करायचा हुकूम निघाला होता. एकेक पान शोधत बसण्याचा त्रास कोण घेणार? इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी लाखो लोकांची पानं असलेली अख्खी साइटच बंद करून टाकली. त्या मूठभर पानांचा हिंगणघाटच्या नळाशी काडीचा संबंध नव्हता. पण नगरसेवकाची बुद्धी अशा वेळी फार तल्लख चालते. संध्याकाळपर्यंत तो चौकात सांगत सुटला, "मीच वरून बंद करवलं. दिल्लीत यादी गेली हाय. ज्यानं ज्यानं लेहलं त्याइचं नाव हाय तिच्यात."

मास्तरांना आधी अभिमानच वाटला. "दिल्लीनं वाचलं म्हणते मॅडम!" मी त्यांना खरं काय ते समजावून सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ कात्री उघडत-मिटत बसले. मग म्हणाले, "म्हणजे वाचलं कोणीच नाई, अन् बंद मात्र केलं!" दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या फळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "दिल्लीले आपलं नावबी माहीत नाई. भेऊ नका. लेहा." गावाची फळी कोरीच राहिली. उलट जुनं लिहिलेलं लोक येऊन गुपचूप पुसून गेले. आजीनं तर पदरानं पुसलं, माझ्या डोळ्यांदेखत. कायद्याप्रमाणे तो त्यांचा हक्कच होता, म्हणून मास्तर बघत बसले.

थोड्या दिवसांनी साइट पुन्हा सुरू झाली. मास्तरांचं पान जसंच्या तसं होतं. मी दारोदार जाऊन सांगितलं, ते कोणाला ऐकायचंच नव्हतं.

इंजिनियर आला. नगरसेवकानं त्याच्या हातात सीलबंद पाण्याची बाटली दिली आणि स्वतःही एक घेतली. हे दोघे बाटलीतलं पाणी पीत घरोघरी विचारत होते, नळाचं पाणी कसं आहे? आणि लोक सांगत होते, चांगलं येते. त्याच घरांत काविळीची पोरं झोपलेली होती. आजीच्या दारात मास्तर पुढे झाले. नळाचं पिवळं पाणी त्यांनी काचेच्या बरणीत भरून आणलं होतं. "सांग न वं, काऊन चूप हायेस? सून दवाखान्यात हाय तुही!" आजी जमिनीकडे बघत म्हणाली, "आमच्याकडं पाणी चांगलं येते, साहेब. मास्तरले सवय हाय लेहाची." इंजिनियरनं बरणीकडे बघितलंसुद्धा नाही. बाटली संपवली, तिथेच नालीत टाकली आणि गेला.

सून जगली, पोटातलं बाळ गेलं. पाइप नालीतच राहिला. मला त्या गल्लीचीच शिसारी आली होती. मी मास्तरांना म्हटलं, पुसून टाका ती फळी, चुलीत घाला तिला. ते म्हणाले, "फळीचा काय दोष? भेलेला माणूस उद्या लेहील. तवा जागा पायजे न त्याले." ते गावाच्या फळीला रोज नवा खडू बांधत राहिले. मला मात्र त्या माणसांची ना तेव्हा कीव आली, ना आज येते.

दोनेक वर्षांनी मास्तर हृदयविकारानं गेले. तेराव्यानंतर मी त्यांचं पान सहज उघडलं, तर खाली उत्तरांची रांग लागलेली. सगळे लिहिते झाले होते, आणि तेही नावानिशी! "परखड मास्तर हरपले." "सत्याची लेखणी थांबली." आजीच्या मुलानं लिहिलं होतं, "मास्तर आमच्या घरचेच होते." सगळ्यांत वर नगरसेवक: "निर्भीड व्यक्तिमत्त्वास भावपूर्ण श्रद्धांजली." पानाचा पासवर्ड माझ्याकडेच होता. एक बटण दाबलं असतं तर सगळी घाण एका क्षणात साफ झाली असती. बोट बटणावर ठेवून मी किती वेळ बसले होते कोण जाणे.

पण ज्यानं लिहिलं त्यानंच पुसावं. मी पुसलं नाही. त्या सगळ्या श्रद्धांजल्यांच्या खाली मी मास्तरांचा प्रश्न पुन्हा लिहिला, "तुमच्या घरी पाणी कसं येऊन राह्यलं?"

त्याच्या खाली आजपर्यंत कोणी काही लिहिलेलं नाही. जागा तशीच ठेवली आहे.