मिनाचा बैलावरचा फोटो

औंढ्याच्या बसस्टँडसमोर माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि त्याला लागूनच रविंद्र खिल्लारेचा फोटो स्टुडिओ. मधली भिंत पत्र्याची. त्यामुळे रविंद्र काळजी करायला लागला की मला बसल्या जागी कळायचं, आणि तो काळजी करत नाही असा दिवस मला आठवत नाही. रोल नीट बसला का, लॅबवाल्यानं अदलाबदल केली तर काय, नवरदेवाचे डोळे मिटलेले आले तर काय. मी म्हणायचो, "लग्न झाल्यावर मिटूनच घ्यायचे असतात." तो हसायचा नाही.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यानं नांदेडहून एक जुनी झूम लेन्स आणली आणि काळज्यांत भर पडली. तोवर त्याच्याकडे एकच पन्नास एमएमची फिक्स लेन्स होती. ती जागची हलत नाही. माणूस मोठा दिसायला हवा तर आपणच चार पावलं पुढं जायचं. तिनं काढलेले चेहरे इतके छान यायचे की माझासुद्धा फोटो बघण्यासारखा आला होता. पण लग्नात पंचाईत व्हायची. वधूवर बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर हार घालायला उभे राहिले की पाहुणे पुढं सरकायचे, आणि कुणाला बाजूला सारणं रविंद्रच्या स्वभावात नव्हतं. झूम असली की मागं खुर्चीवर उभं राहूनही काम भागायचं. खोट एवढीच, की ती उजेड कमी घ्यायची. दिवस कलला की फ्लॅशशिवाय सगळं काळं आणि हललेलं. त्याची बायको ज्योती अल्बम चिकटवता चिकटवता म्हणायची, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

कॅमेरा एकच. त्यामुळे दर लग्नाच्या सकाळी तो दोन्ही लेन्सा टेबलावर मांडून बसायचा आणि शेवटी पत्र्यावर टकटक करायचा. "किशनराव, कोणती लावू?" मला घड्याळातलं कळतं, लेन्समधलं काय कळणार? मी म्हणायचो, "जी हाताला लागंल ती."

मे महिन्यात शेजारच्या एसटीडी बूथवाल्यानं त्याला हाक मारली. फोन फौजेतून होता. डोंगरापलीकडच्या बंजारा तांड्यावरचा विकास राठोड बोलत होता; त्याची बहीण मिना हिच्या लग्नाच्या फोटोंचं काम रविंद्रकडेच होतं.

"दादा, मला सुट्टी न्हाई भेटली," विकास म्हणाला. "बाकीचे फोटो कसेबी काढा. मिना बैलावर उभी ऱ्हाती, तेवढा एक पाहिजे मला."

रविंद्र परत आला तो सरळ माझ्या दुकानात. त्या तांड्यावर सासरी निघताना नवरी सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहते, दोन्ही हात वर करते आणि रडत रडत तांड्याचा निरोप गाते. भोवती बायकांचं कडं असतं. त्या कड्यात पुरुष जात नाही. जातो तो फक्त भाऊ, कारण बैलाची दोरी भावानं धरायची असते.

"आत जाता येणार न्हाई, म्हंजे झूम," रविंद्र म्हणाला.

"मग लाव झूम."

"अन् उजेड गेला तर? फ्लॅश मारता येत न्हाई. मागच्या साली दुसऱ्या तांड्यावर फ्लॅशनं बैल बुजला, नवरी खाली पडली. विकासच्या तांड्याच्या नायकानं सांगून ठेवलंय, बैलासमोर फ्लॅश न्हाई."

"मग फिक्स लाव."

"फिक्सनं बाहेरून ती अंगठ्याएवढी दिसंल."

इकडे आड, तिकडे विहीर. ज्योतीनं मला बजावलं, "भाऊजी, तुमी संग जा. हे माणूस एकलं गेलं तर रोल भरायचंबी विसरंल."

निरोप दुपारी होणार होता, म्हणून त्यानं झूम लावली. भर उन्हात ती बरोबरच होती. लग्न वेळेवर लागलं, पण नवरीला न्यायला येणारी नवरदेवाकडची जीप घाटात बंद पडली आणि वऱ्हाड खोळंबलं. रविंद्र दर थोड्या वेळानं डोंगराकडे बघायचा. तो बघायचा म्हणून मीही बघायला लागलो. जीप आली तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता आणि मिनाला बैलावर चढवत होते.

रविंद्रनं डोळ्याला कॅमेरा लावला, आतला उजेड मोजायचा काटा बघितला आणि मान हलवली. धुरळ्यात पाठ करून त्यानं लेन्स बदलली. घाईत झूम त्याच्या हातून निसटली; मी झेलली म्हणून वाचली. आता फिक्स होती, उजेड जेमतेम पुरेसा होता, आणि समोर बायकांच्या पाठी होत्या. मिनाचं गाणं सुरू झालं. तो कड्याबाहेर इकडून तिकडे फिरत होता. मला त्याचा राग आला. एवढ्या वेळात एखादा घुसला असता. पण खरं सांगायचं तर मीही घुसलो नसतो.

कड्यात मिनाची आजी जिवनबाई होती. दोरी पोरीचा बाप सेवा यानं धरली होती, पोरगा सुट्टीवर आला नाही म्हणून. म्हातारीनं रविंद्रची ती येरझार बघितली.

"सेवा, दोरी त्याला दे," ती म्हणाली. "विकाससाठीच फोटो काढून राहिलाय ना तो? मग त्याच्या जागंवर उभा ऱ्हाऊ दे."

बायकांनी वाट दिली. सेवा पलीकडून शिंगापाशी उभा राहिला आणि रविंद्रच्या डाव्या हातात दोरी आली. लेन्सची फोकसची कडी फिरवायला आता हात मोकळा नव्हता. आत जातानाच त्यानं ती अंदाजानं सहा फुटांवर ठेवली होती. एका हाती दोरी, एका हाती कॅमेरा, आणि वर हात पसरून रडणारी मिना. तिनं खाली बघितलं, काहीतरी म्हणाली, आणि खटका वाजला. बैलानं मान झटकली. दुसरा फोटो झालाच नाही.

रोल नांदेडहून येईपर्यंत तो माणसात नव्हता. आला तेव्हा फोटो दाणेदार होता, हात हललेले होते. चेहरा मात्र लख्ख. तरी म्हणाला, "हललाय, किशनराव. काय तोंडानं देऊ?" ज्योतीनं त्याला न विचारता तो फौजेच्या पत्त्यावर पाठवून दिला.

दिवाळीनंतर विकास सुट्टीवर आला आणि सरळ स्टुडिओत आला. रविंद्रचा चेहरा उतरला. मी हातातलं घड्याळ तसंच ठेवून तिकडे गेलो. विकासनं खिशातून फोटो काढला. कडा मऊ पडल्या होत्या.

"हात हलले," रविंद्र घाईनं म्हणाला. "उजेड नव्हता, अन् दोरी—"

"ते सांगितलं आजीनं." विकास फोटोकडेच बघत होता. "दादा, हितं तोंड उघडलंय तिचं. ती काय म्हणून राहिली होती?"

"तुमची बोली मला येत न्हाई. पन एक शब्द कळला. वीरा म्हणली."

वीरा म्हणजे भाऊ. मलाही ते माहीत होतं.

विकासनं फोटोच्या मऊ कडा बोटानं सरळ केल्या. मग त्यानं विचारलं, "मग तुमी काय केलं?"

रविंद्र कानापर्यंत लाल झाला. एवढा चोरट्यासारखा चेहरा मी त्याचा कधी बघितला नव्हता.

"व्हय म्हणलो," तो म्हणाला. "तिनं हाक मारली, अन् तितं दुसरं कोणी नव्हतं."