बाभळीचे काटे आणि नरम चाकं

माझं माहेर मौद्याकडे. रविवारी कारच्या मागे सायकल बांधून मी नागपूरहून तिकडे जाते आणि कालव्याच्या बांधावर मनसोक्त फिरते. बांधाच्या दोन्ही बाजूंना बाभळी आहेत. त्यांच्या काट्यांपुढे ट्यूबचा निभाव लागत नाही. सायकल ढकलत परतायचा कंटाळा आला, तेव्हा मी ट्यूबलेस टायर बसवले. आत दुधासारखं एक द्रव्य असतं. काटा रुतला की ते भोकात येऊन घट्ट होतं आणि भोक बुजतं. हवा मी मुद्दाम कमी ठेवते. नरम चाक गिट्टीवर उसळत नाही, जमीन धरून चालतं.

शेती बघणाऱ्या माझ्या मोठ्या भावाला हे पटत नसे. अंगठ्याने टायर दाबून तो म्हणायचा, "हवा काहून नाही भरत वं? असं चाक कुठवर नेईन तुले?"

"नेते गा दादा, पाहिजे तिथवर," मी म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्याची गाय व्यायली. वासरू धडपडत उभं राहिलं, पण गाय बसलेलीच. मान पोटाकडे वळलेली, कान गार. व्यायल्यावर अंगातलं कॅल्शियम एकदम उतरलं की असं होतं; वेळेत शिरेतून औषध गेलं नाही, तर जनावर दगावतं. "उठूनच नाही राहिली वं," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज खोल गेला होता. गोठा शेतात, कालव्यापलीकडे. जनावरांचे डॉक्टर फोन करताच निघाले, पण थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. बांधावर मोटरसायकलच्या चाकात काटा गेला होता. ते पायी येत होते. भावाची मोटरसायकल भाच्याने नेली होती आणि माझी कार बांधावर चढत नाही. मी सायकल काढली.

डॉक्टर अर्ध्या वाटेवर भेटले. चांगले धिप्पाड गृहस्थ, घामाने निथळत होते.

"ताई, बॅग तुम्ही पुढे न्या. मी येतोच मागून."

"बॅगेला गायीची शीर सापडणार आहे का? सायकलवर तुम्हीच जा."

त्यांनी चाकाकडे पाहिलं. "यात तर हवाच नाही."

"माझ्या वजनाला पुरेशी आहे. तुमच्यासाठी थोडी भरते." मी छोटा पंप लावला, टायर हाताने दाबून पाहिला आणि पुरे केलं. "काट्यांकडे बघू नका. हँडल आवळून धरू नका. चाक वाट काढतं."

बॅग पाठीवर टाकून ते निघाले. मी मागून झपाझप चालत राहिले. सायकलची मला काळजी नव्हती; जीव गायीत अडकला होता.

गोठ्यात पोचले, तेव्हा भावाने कॅल्शियमची बाटली उंच धरली होती आणि डॉक्टर गायीच्या छातीचे ठोके ऐकत औषध हळूहळू सोडत होते. बाटली संपत आली, तसे तिच्या अंगावर शहारे आले. तिने ढेकर दिली, कान हलवले. बऱ्याच वेळाने मागचे पाय टेकून ती उठली, डगमगली आणि सावरली. भावाने वासराला तिच्या कासेशी नेलं आणि तिथेच तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"दोनदा काटा मोडल्याचा आवाज आला," हात धुताना डॉक्टर म्हणाले. "मी थांबलो नाही."

चहा झाल्यावर त्यांची मोटरसायकल पक्क्या रस्त्याला लावायला आम्ही तिघं गेलो. वाटेत त्यांनी त्या पांढऱ्या द्रव्याबद्दल विचारलं. मी तोंड उघडायच्या आत भाऊच सांगू लागला, काटा का काढायचा नाही, हवा किती ठेवायची, सगळं अगदी बरोबर. मी मागून मोटरसायकल ढकलत राहिले.